‘मार्च झाल्यावर या’



आमच्या संघटनेचा वार्षिक अहवाल गेली कित्येक वर्षं मीच लिहिते. 2022-23 च्या अहवालात ‘यशस्वी प्रकरणे’ या मथळ्याखाली एक ओळ आहे : ‘पोटगीचा आदेश मिळवून दिला. बाई व मुलगी मिळून दरमहा 5,000 रुपये.’ ओळ खोटी नाही. जून 2022 मध्ये आमच्या तालुक्याच्या कोर्टात, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, हा आदेश झाला. त्याआधी चार वर्षं तारखा पडत होत्या. नवरा साखर कारखान्यात कायम नोकरीला, पण कोर्टात सांगायचा की मी शेतमजूर आहे, हाताला मिळेल ते काम करतो. त्याचा पगार सिद्ध करण्यासाठी किती हेलपाटे घातले ते आमचं आम्हाला ठाऊक. आदेश झाला त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. ती रडली, आम्हीही रडलो. ऑफिसात परतल्यावर फाईलवर ‘निकाली’ असं लिहिलं आणि फाईल खालच्या कपाटात गेली.

नवऱ्याने मागचा हिशेब कर्ज काढून मिटवला, पुढे तीन महिने नियमित पैसे भरले. ऑक्टोबर 2022 पासून बंद केले.

फेब्रुवारी 2023 मध्ये ती ऑफिसात आली. मी टेबलाशी बसले होते, समोर आठ मार्चच्या पत्रिकांचा गठ्ठा, कानाला फोन. पाहुण्या नेमक्या त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असल्याचं कळत होतं. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, “ताई, जरा बोलायचं होतं.” मी फोनवर हात धरून विचारलं, “तातडीचं आहे का?” ती माझ्याकडे, मग त्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाली, “तसं तातडीचं नाही.” मी म्हटलं, “मग मार्च झाल्यावर या. निवांत बोलू.”

मार्च झाला. मग मार्चअखेरचे हिशेब झाले. मग उन्हाळी शिबिर झालं. ती आली नाही, आणि आली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर ती आली ती थेट जून 2024 मध्ये, तीही स्वतःसाठी नाही. शेजारच्या एका मारहाण झालेल्या मुलीला घेऊन आली होती. त्या मुलीचं सगळं लिहून घेतल्यावर जाता जाता मी सहज विचारलं, “पैसे येतात ना वेळेवर?” ती म्हणाली, “कुठले ताई. मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून नाहीत.”

आम्ही बोटांवर महिने मोजले. ऑक्टोबर 2022 ते मे 2024, वीस महिने. एक लाख रुपये. आता इथे कायद्यातली एक बारीक अट सांगायला हवी, कारण ती ठाऊक नसलेल्या कार्यकर्त्या अजूनही भेटतात. पोटगी थकली की वसुलीचा अर्ज करता येतो. मॅजिस्ट्रेट वॉरंट काढू शकतात, तरी भरली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पण या वॉरंटासाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम 125 चं कलम 144 झालं. ही एक वर्षाची अट मात्र तशीच आहे.

म्हणजे आम्ही धावपळ करून जूनमध्ये अर्ज केला तो मागच्या बारा महिन्यांचा. त्याआधीचे आठ महिने, चाळीस हजार रुपये, वॉरंटाच्या वाटेबाहेर गेले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या प्रकरणात सांगितलं आहे की मुदत गेली म्हणून मूळ येणं बुडत नाही, दिवाणी मार्ग खुला राहतो. कागदावर ठीक आहे. पण आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई चाळीस हजारांसाठी दिवाणी दावा लावणार, वकिलाला देणार, पुन्हा तारखांना बसणार, हे तुम्हीच डोळ्यांसमोर आणून बघा. तारखेला बसलं की त्या दिवसाची भाजी सुकते.

मुलीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं तिच्या मनात होतं. 2023 च्या जूनमध्ये प्रवेशाचे पैसे जमले नाहीत. मुलगी आता एका कापडाच्या दुकानात उभी असते. मी विचारलं, “अगं, परत का नाही आलीस?” तिने रागाने काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “तुम्ही कामात होता ना ताई.”

त्या रात्री मी ऑफिसची 2023 सालची दैनंदिनी काढून फेब्रुवारी वाचला. कोणत्या कामात होतो आम्ही? पाहुण्यांना चार वेळा फोन. मंडपवाल्याकडे दोन फेऱ्या, खुर्च्या दोनशे की तीनशे. बॅनर जांभळा की गुलाबी यावर दीड तास चर्चा, त्यात दोघींचं भांडण, त्यावर पुन्हा बैठक. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सक्षमीकरण’ या विषयावर कार्यशाळा, दोन दिवस, तिघीजणी. एका कंपनीच्या देणगीसाठी तक्ता भरणं : किती लाभार्थी, पैकी अठरा ते पस्तीस किती, पैकी अनुसूचित जातीच्या किती. तोच तक्ता दुसऱ्या देणगीदारासाठी वेगळ्या रकान्यांत. फोटो निवडणं. फोटोंवर ठिकाण आणि वेळ छापून येत नाही म्हणून पुन्हा गावात जाऊन बायकांना बॅनरमागे उभं करून फोटो काढणं. (हे लिहिताना हात थांबला, पण झालं ते झालं. त्या बायकांचा अर्धा दिवसाचा रोज बुडाला.)

त्या महिन्यात एकही दिवस आम्ही रिकाम्या नव्हतो. रात्री साडेनऊपर्यंत दिवे चालू असायचे. जुन्या ‘निकाली’ फाईली उघडून बघायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला नव्हतं, कारण ते काम म्हणून कुठे लिहिलेलंच नव्हतं.

हा दोष पैसे देणाऱ्यांवर ढकलणं सोपं आहे, आणि त्यांचाही वाटा आहेच. 2014 पासून कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के पैसा समाजकार्यासाठी खर्चावा लागतो. त्यातून आमच्यासारख्यांना काही मिळतं, पण त्या पैशाला वर्षाच्या आत मोजता येईल असं काही हवं असतं. शिवणयंत्रं किती वाटली हे मोजता येतं. कोर्टाच्या व्हरांड्यात किती तास बसलो हे कसं मोजणार? 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो पुढे लहान संघटनेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. तालुक्यातल्या कित्येक संघटना मोठ्या संस्थांच्या आधाराने चालत होत्या, त्यांचा तो आधार गेला. मग मिळेल तो प्रकल्प घ्यायचा, त्याचे तक्ते भरायचे आणि त्यातून उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचं. हे सगळं खरं आहे.

पण बॅनरच्या रंगावर दीड तास घालवायला कोणत्याही देणगीदाराने सांगितलं नव्हतं. ते आमचं आम्हीच केलं. माझं प्रामाणिक मत असं की आम्हाला ते काम आवडतं. कार्यक्रम होतो आणि संपतो, टाळ्या पडतात, जेवणं होतात, घरी जाताना काहीतरी केल्यासारखं वाटतं. वसुलीच्या तारखेला जा, तर साहेब रजेवर असतात. पुढच्या वेळी बजावणी झालेली नसते. त्याच्या पुढच्या वेळी बेलिफ सांगतो, इसम पत्त्यावर मिळून आला नाही; आणि तो इसम काल संध्याकाळी चौकात पान खाताना आपण पाहिलेला असतो. पाच तास बाकावर बसून हातात एक नवी तारीख. बाईपुढे तोंड पाडून उभं राहायचं. असल्या कामातून मन आपोआप पळ काढतं, आणि पळायला जागा म्हणून दहा बैठका तयारच असतात. त्यात कोणी आळशी म्हणून बोट दाखवत नाही. उलट ‘केवढी धावपळ करतात बायका’ असं कौतुक होतं.

हे आपण घरूनच शिकून येतो असं मला वाटतं. मुलगी चार मिनिटं नुसती बसली तर आजी म्हणते, बसल्या बसल्या तांदूळ निवड. टीव्ही बघताना लसूण सोल. बाईचे हात मोकळे दिसले की ती वाया गेली. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा 97 मिनिटं, असं नोंदलं आहे. त्यातलं पाणी, चूल, पोराचं दुखणं हे टाळता येणारं नाही, आणि ते बिनमहत्त्वाचं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या चळवळीने तर त्याचं मोल मागितलं. पण त्याच मिनिटांत पाहुणे येणार म्हणून चौथा पदार्थ असतो, धुतलेल्या फरशीवरून पुन्हा फिरवलेला ओला कपडा असतो, ‘लोक काय म्हणतील’ यासाठी केलेलं पुष्कळ काही असतं. घरात या दोन कामांतला फरक करण्याचा अधिकार बाईला कोणी दिलेला नसतो. सगळंच केलं पाहिजे. संघटनेत आल्यावर सासू नसते, तरी आम्ही सगळंच करत राहतो.

चळवळीतही सदाकाळ असं नव्हतं. मथुरेचं प्रकरण आठवा. 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. खालच्या कोर्टाने सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. वर्षभर काही हललं नाही. मग 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. एकच पत्र, पण ते निकालाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवणारं होतं : शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. 8 मार्च 1980 ला अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या त्या हा खटला पुन्हा उघडा एवढं मागायला. खटला पुन्हा उघडला नाही. पण 1983 मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराचं कलम आलं. आमच्या 8 मार्च 2023 ची मागणी काय होती, असं मी आमच्याच चारचौघींना विचारलं. कोणालाच आठवेना. पाहुण्यांची साडी मात्र दोघींना आठवली.

दुसरं उदाहरण घराजवळचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. परित्यक्तेला काय काय हवं याची यादी शंभर कलमांची झाली असती. त्यांनी स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं, घरासाठी जागा मागितली. रेशनकार्ड म्हणजे भावाच्या घरात आश्रित म्हणून राहणाऱ्या बाईला सरकारदप्तरी स्वतःचं चूलपण. ही मागणी परित्यक्तांच्या मेळाव्यांत, बायकांच्या तोंडून वर आलेली. तिथे ऐकायला माणसं बसली होती, म्हणून ती ऐकू आली.

आता यावर ज्या हरकती येणार त्या मला ठाऊक आहेत, कारण आमच्या बैठकीत त्या सगळ्या येऊन गेल्या.

पहिली हरकत कागदाची. ‘म्हणजे नोंदी ठेवायच्याच नाहीत का?’ ठेवायच्याच. आमच्या एका जुन्या कार्यकर्तीने, आम्ही तिला आक्का म्हणतो, बाई पहिल्यांदा आली त्या दिवशीच तिच्याच शब्दांत दोन पानं लिहून घ्यायची शिस्त घातली. तारीख, वेळ, कुठे सूज, कुठे वळ, बरोबर कोण होतं. पुढे चार वर्षांनी नवऱ्याचा वकील ‘हे सगळं आता रचलंय’ म्हणाला तेव्हा ती दोन पानं कोर्टात उभी राहिली. असला कागद म्हणजे खरं कामच. त्याच बाईची माहिती तीन देणगीदारांच्या तीन नमुन्यांत पुन्हा पुन्हा भरणं हे वेगळं. दोन्हीला आम्ही ‘लिखापढी’ असा एकच शब्द वापरत होतो, त्यामुळे एक करताना दुसरं केल्याचं समाधान मिळत होतं.

दुसरी हरकत जास्त वजनाची. अहवाल वेळेवर गेला नाही तर हप्ता अडकतो, आणि हप्ता अडकला तर आमच्या दोन कार्यकर्त्यांचं मानधन अडकतं. त्या दोघीही एकट्या घर चालवणाऱ्या आहेत. म्हणजे तक्त्यामागेही बायकाच आहेत. याला माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच म्हणता येतं की आता एखादं काम पुढे आलं की आम्ही एकमेकींना विचारतो, हे या आठवड्यात नाही झालं तर कोणाचं काय बिघडेल? कधी एखाद्या बाईचं नाव येतं. कधी आमच्याच कार्यकर्तीचं येतं. आणि पुष्कळदा कोणाचंच येत नाही, नुसतं ‘बरं दिसत नाही’ असं उत्तर येतं. ते काम आता मागे राहतं.

तिसरी हरकत आमच्या सगळ्यांत तरुण सहकारी मुलीची. मी फेसबुकवरच्या फोटोंबद्दल आणि मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींबद्दल कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मागच्या तीन महिन्यांत आलेल्या मुलींपैकी दोघी ती चित्रफीत बघूनच आल्या. तुमचं पत्रक कोण वाचतं?” मी गप्प बसले. पत्रकं छापून वाटण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे मला ते काम वाटतं आणि तिचं ते खेळ वाटतो. एवढ्यापुरतं ती बरोबर आहे. चित्रफीत चालू राहिली.

मग आम्ही बदललं काय? फार थोडं. एक मोठी दिनदर्शिका आणली, ऑफिसात दारासमोर लावली. तिच्यावर कार्यक्रम लिहायचे नाहीत असं ठरवलं. ज्या ज्या बाईचा पोटगीचा आदेश झालेला आहे तिचं आद्याक्षर दर तीन महिन्यांनी एका तारखेवर येतं. त्या दिवशी तिला फोन करायचा किंवा घरी जायचं आणि एकच विचारायचं, पैसे आले का? आणि पैसे बंद झालेले निघाले तर वसुली अर्ज महिनाभरात गेला पाहिजे, वर्ष भरायची वाट बघायची नाही. ‘निकाली’ हा शब्द बंद केला. त्या फाईलींवर आता ‘आदेश झाला’ असं लिहितो. खालच्या कपाटातल्या सगळ्या फाईली आक्कांनी आणि मी दोन महिने बसून चाळल्या. काय सापडलं ते सगळं इथे लिहीत नाही. पोटगी बंद झालेली ती एकटीच नव्हती, इतकं सांगते. नवीन प्रकरणांत नवरा पगारदार असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज करतो, कारण त्या कायद्याच्या कलम 20 मध्ये पैसे थकवले तर मालकाला थेट पगारातून द्यायला सांगण्याची सोय आहे. ही सोय 2006 मध्ये कायदा लागू झाला तेव्हापासून आहे. आम्हीच तिच्यावर शिबिरं घेतली, भाषणं दिली, आणि या बाईच्या वेळी वापरली नाही.

मंगळवार बैठकीविना ठेवला. त्या दिवशी आमच्या गावी आठवडी बाजार असतो, आसपासच्या खेड्यांतल्या बायका एवीतेवी गावात येतात, घरी सबब सांगावी लागत नाही. त्या दिवशी दोघीजणी ऑफिसात नुसत्या बसून असतात. पहिले दोन-तीन आठवडे हे फार अवघड गेलं. कोणी आलं नाही तर हात शिवशिवतात, फाईली लावाव्याशा वाटतात. पण टेबलावर गठ्ठा नसला की दारातली बाई आत येते. “तसं तातडीचं नाही” म्हणत सुरुवात करते आणि पाऊण तासाने खरं सांगते.

समित्या सोडल्या. हे मात्र गाजलं. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते आणि तिच्यावर बाहेरची एक सदस्य लागते. 2024 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल राज्यांना कडक सूचना दिल्या, तेव्हापासून आम्हाला बोलावणी फार वाढली. मी एकटी नऊ समित्यांवर होते. वर्षातून एकदा जायचं, बिस्किटं खायची, ‘तक्रारी : शून्य’ या कागदावर सही करायची. सहा ठिकाणी मी विचारलं की मला कामगार बायकांशी, त्यातही कंत्राटी बायकांशी, तासभर एकटीने बोलू द्याल का? दोघांनी हो म्हटलं, तिथे आहे. बाकी चौघांना राजीनामा दिला. उरलेल्या तीन ठिकाणी अजून विचारायचं धाडस झालेलं नाही, त्यातली एक आमची देणगीदार आहे.

8 मार्च 2025 चा स्वतःचा कार्यक्रम केला नाही. शेजारच्या दोन संघटनांबरोबर तहसील कचेरीसमोर बसलो, मंडप नाही, पाहुण्या नाहीत. त्यावरून आमच्या एका विश्वस्त बाई नाराज झाल्या, त्यांचं म्हणणं संघटनेचं नाव मागे पडतंय. एक प्रकल्पही गेला. आमचे आकडे कमी पडले, असं कळवण्यात आलं. एका कार्यकर्तीचं मानधन अर्धं करावं लागलं. ती आता सकाळी शिकवण्या घेऊन दुपारी येते. हे लिहिलंच पाहिजे, कारण महत्त्वाचं काम निवडायचं म्हटलं की त्याची किंमत कोणीतरी भरतं, आणि ती मी भरलेली नाही. माझा नवरा निवृत्तिवेतन घेतो. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बघू वर्षभर.” वर्ष भरत आलं आहे.

त्या बाईच्या बारा महिन्यांच्या थकबाकीवर वॉरंट निघालं. पोलीस कारखान्याच्या फाटकावर गेले, तेव्हा त्याने पंधरा हजारांच्या चार हप्त्यांत साठ हजार भरले. चालू पोटगी सध्या येते आहे. राहिलेल्या चाळीस हजारांचं मी तिला सगळं समजावून सांगितलं, कोणाची चूक झाली तेही सांगितलं. दावा लावायचा की नाही हे तिने ठरवायचं, वकिलाची फी संघटना भरेल, असं बैठकीत ठरवून घेतलं आहे. ती म्हणाली, पोरीला विचारते. दिनदर्शिकेवर पुढच्या मंगळवारी तिचं आद्याक्षर आहे. दोघी मायलेकी येणार आहेत, बाजार उठल्यावर, साडेचारला.